मैद्याऐवजी दाण्याचं कूट

मुर्री गाव आणि सगळा गोंदिया जिल्हा धानाचा. दोन्ही वेळा ताटात भात असतो, म्हणून चारच्या खाण्यात तरी कर्बोदकं कमी असावीत. 100 ग्रॅम मैद्यात ती सुमारे 75 ग्रॅम असतात. शेंगदाण्यात 15 ते 20, त्यातही बराच भाग तंतूंचा. बदाम उत्तम, पण महाग. भाजलेल्या दाण्याच्या कुटाची ब्राउनी मला चवीलाही सरस वाटते.

एक वाटी कूट, तीन चमचे कोको, दोन अंडी, चार चमचे लोणी, चिमूटभर मीठ, थोडा बेकिंग सोडा. दाणे मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवावेत, नाहीतर तेल सुटून लगदा होतो. कुटात ग्लुटेन नसल्याने वडी बांधून धरायला अंडं लागतं. ते चालत नसेल तर एका अंड्यासाठी एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवावी. पूर्व विदर्भात कापणीआधी उभ्या धानात फेकून पेरतात, तोच हा जवस. वरून जंगलातली चारोळी. 160 अंशांवर वीसेक मिनिटं. पुरती गार झाल्यावरच कापावी.

गोडीला गूळ-खजूर घातले की कर्बोदकं परत आलीच, कारण गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. स्टीव्हिया चालेल. उष्मांक मात्र कमी होत नाहीत. दाण्यात ते मैद्याहून बरेच जास्त असतात. एक छोटी वडी पुरे. मधुमेहाची औषधं चालू असतील तर आहार बदलण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावं.