गाळ्याचें माप आणि घरचा हिशेब

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगांव यांसारख्या गांवीं ज्या कुटुंबांची वडिलोपार्जित जागा भर बाजारपेठेंत आहे, त्यांपैकीं कित्येकांनीं वाड्याचा दर्शनी भाग उतरवून तेथें दुकानांचे गाळे काढले आहेत. वडील मंडळी गांवीं, एक मुलगा पुण्यास, दुसरा मुंबईस, तिसरा परदेशीं, अशी कुटुंबाची पांगापांग झाल्यामुळें भाड्याची वही आतां बहुधा संगणकावर ठेवली जाते. ही सोय मोठी आहे, यांत शंका नाहीं. कोणत्याहि भावास कोठूनहि जमाखर्च पाहतां येतो, पावती आपोआप निघते, थकबाकी तत्काळ कळते. परंतु ह्या सर्व हिशेबाचा पाया ज्या एका आंकड्यावर रचलेला असतो, तो गाळ्याच्या चौरस फुटांचा आंकडा, दिसतो तितका साधा नसतो. तो विचारपूर्वक न ठरवितां रकान्यांत भरला, तर भाडेकरूशीं तंटा उद्भवतो; आणि त्याहून वाईट म्हणजे एकत्र कुटुंबांत परस्परांविषयीं संशय शिरतो.

एक उदाहरण घेऊं. एखादा गाळा आंतून १० फूट रुंद व २० फूट खोल आहे. त्याची जमीन २०० चौरस फूट भरली. यासच चटई क्षेत्र किंवा व्यवहारांत कार्पेट म्हणतात. आतां गाळा सुटा असून चारी बाजूंस ९ इंची विटांच्या भिंती आहेत असें समजा. बाहेरून माप घेतल्यास तें ११॥ × २१॥, म्हणजे सुमारें २४७ चौरस फूट होईल. हें बांधीव क्षेत्र. भिंती जुन्या वाड्याच्या, दोन दोन फूट जाडीच्या मातीच्या असतील, तर तेंच माप १४ × २४, म्हणजे ३३६ चौरस फुटांवर जाईल. शिवाय जिना, बोळ, सामाईक ओटा यांचा वांटा त्यांत मिळविण्याचीहि वहिवाट आहे. दुकानदारास वापरावयास मात्र प्रत्येक प्रसंगीं तीच २०० फूट जागा मिळते. दर फुटास ४० रुपये भाडें धरलें, तर २०० फुटांचे ८,००० रुपये आणि वांटा धरून ३०० फूट झाल्यास १२,००० रुपये होतात. वर्षाकांठीं हा फरक ४८,००० रुपयांचा आहे.

हा घोटाळा केवळ आपल्याकडचाच आहे असें नाहीं. अमेरिकेंतील इमारतमालकांच्या संघानें कचेऱ्यांच्या मोजणीचें प्रमाण १९१५ सालींच प्रसिद्ध केलें. आपल्याकडे भारतीय मानक ३८६१ मध्यें जोतें, चटई व भाड्याचें क्षेत्र कसें मोजावें हें सांगितलें आहे. २०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमानें चटई क्षेत्राची व्याख्याहि बांधून दिली: आंतील आडभिंती मोजावयाच्या; बाहेरील भिंती, नळ-तारांचे उभे बोगदे, सज्जा व गच्ची मोजावयाची नाहीं. तथापि हा अधिनियम मुख्यत्वें नव्या प्रकल्पांतील विक्रीसाठीं आहे. आपला गाळा भाड्यानें देतांना कोणतें माप धरावयाचें, हें उभय पक्षांच्या करारावरच अवलंबून राहतें. आणि येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ अन्वयें करार लेखी व नोंदलेला असणें आवश्यक असून, नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. असा करार नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींविषयीं भाडेकरूचेंच म्हणणें ग्राह्य धरलें जातें. म्हणजे तोंडी ठरलेल्या मापाचा भार शेवटीं मालकावरच येतो.

भाड्यापेक्षांहि सूक्ष्म प्रश्न सामाईक खर्चाचा आहे. जिन्यावरील दिवे, पाण्याचा पंप, झाडलोट व रखवालदार यांचा खर्च संगणक क्षेत्रफळाच्या प्रमाणांत वांटतो. समजा, चार गाळे प्रत्येकीं २०० फुटांचे, पांचवा ४०० फुटांचा, आणि खर्च दरमहा १२,००० रुपये आहे. एकूण १,२०० फुटांवर वांटणी केल्यास मोठ्या गाळ्याकडे ४,००० रुपये व लहानांकडे प्रत्येकीं २,००० रुपये येतात. परंतु मोठ्या गाळ्याचें माप वांट्यासह ६०० लिहिलें व लहानांचें चटई क्षेत्रच ठेवलें, तर मोठ्याकडे ५,१४३ व लहानांकडे सुमारें १,७१४ रुपये होतात. बेरीज बरोबर जुळते, संगणक कोठेंहि हरकत घेत नाहीं, आणि अन्याय मात्र दरमहा होत राहतो. तसेंच एखादा २०० फुटांचा गाळा रिकामा झाला कीं कांहीं प्रणालींत एकूण क्षेत्र १,००० धरलें जातें. मग खर्च फुटामागें १० रुपयांऐवजीं १२ रुपये पडतो, व रिकाम्या जागेचा भार शेजारच्या दुकानदारांवर जातो. करारांत तसें ठरलेलें नसेल, तर एकूण क्षेत्र कायम ठेवून रिकाम्या गाळ्याचा वांटा मालकानें सोसावा, हेंच न्यायाचें.

आंकडे भरतांना होणाऱ्या दोन चुका अगदीं सामान्य आहेत. पहिली, फूट-इंचांची. १० फूट ११ इंच म्हणजे १०.११ नव्हे, तें १०.९२ होय. २० फूट खोलीच्या गाळ्यांत एवढ्यानें १६ चौरस फुटांचें अंतर पडतें. दुसरी, मीटरची. मिळकत पत्रिका व मंजूर नकाशा यांत चौरस मीटर असतात; एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. सोयीसाठीं दहानें गुणलें, तर २० चौरस मीटरचे २१५ फूट व्हावयाचे ते २०० च होतात. जागेचें मोजमाप गुंठ्यांत असेल तर एक गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, हेंहि लक्षांत असावें.

म्हणून वही उघडण्यापूर्वीं सर्व भावांनीं एकत्र बसून पुढील गोष्टी ठरवाव्या. भाड्यासाठीं व खर्चासाठीं कोणतें माप, तें एकदां लिहून सर्व गाळ्यांस सारखेंच लावावें. दोन कामांस दोन मापें असतील, तर त्यांचे रकाने निराळे ठेवावे. पोटमाळा व ओटा धरावयाचा कीं नाहीं, हेंहि स्पष्ट करावें. मोजणी भाडेकरूच्या समक्ष करावी. तारीख, मोजणाराचें नांव व साधा नकाशा नोंदीस जोडावा आणि तोच नकाशा करारास लावावा. पुढें भिंत सरकवून दोन गाळ्यांचा एक केला, तर जुना आंकडा न पुसतां नवा आंकडा त्या तारखेपासून लिहावा. नाहीं तर मागील वर्षांचे हिशेब उलगडेनासे होतात.

हें सर्व काम एका दुपारचें आहे. तेवढें केलें, तर घरीं राहून सारा व्याप सांभाळणाऱ्या भावास जाब द्यावा लागत नाहीं, आणि दूरच्या भावास तो विचारावासा वाटत नाहीं.