डोंबिवली : लोकसंख्या व कौटुंबिक उत्पन्न

महाराष्ट्र राज्याच्या ठाणे जिल्ह्यातील, मध्य रेल्वेवरील निवासी नगर. मुंबईच्या ईशान्येस सु. ४८ किमी. गिरगाव-दादरकडील जागा अपुऱ्या व महाग पडू लागल्याने कारकुनी, शिक्षकी पेशातील अनेक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. १९६० नंतर औद्योगिक वसाहतीमुळे स्थानिक रोजगार वाढला. तथापि नगराचे अर्थकारण मुख्यत्वे मुंबईतील वेतनावरच अवलंबून राहिले. एकाच्या वेतनावर चालणाऱ्या संसारांबरोबरच पुढे पतिपत्नी दोघेही नोकरी करणारी विभक्त कुटुंबे वाढली. घरकामाचा काही भाग बाजाराकडे गेला. येथील पोळीभाजी केंद्रे हे त्याचे ठळक गमक होय. ही उत्पन्नवाढ नेमकी मोजणे मात्र अवघड आहे, कारण भारतीय जनगणनेत उत्पन्नाची नोंद होत नाही. घराचा प्रकार व घरातील वस्तू यांवरून केवळ अनुमान करता येते. लोकसंख्येचे आकडेही जपूनच वाचावे लागतात. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेची (स्था. १९८३) लोकसंख्या ११,९३,५१२ (२००१) वरून १२,४७,३२७ (२०११) झाली. ही वाढ सु. ४·५ टक्केच दिसते. परंतु २००२ मध्ये २७ गावे हद्दीतून वगळण्यात आली होती (२०१५ मध्ये ती पुन्हा समाविष्ट झाली). त्या गावांतील वस्ती २०११ च्या आकड्यात धरलेली नाही.