भाग: विहिरीवरचं पाणी आणि चर्चमधला मागचा बाक

हेडफोन लावलेत ना? आजचा भाग थोडा कबुलीजबाबासारखा आहे.

गेल्या नाताळात मी कॉलेजच्या एका मित्राला चर्चमध्ये घेऊन गेलो. तो ख्रिस्ती नाही, गाणी ऐकायला आला होता. दारातच एका काकांनी मला विचारलं, "आपल्यातला आहे का रे?" मी पटकन म्हणालो, "नाही काका, नुसता बघायला आलाय." झालं, त्याला मागचा बाक मिळाला. उभं कधी राहायचं, बसायचं कधी, हे त्याला कळेना. पुढची दोन-तीन पोरं हसली. खरं सांगू? मीपण हसलो. तो परत कधी आला नाही.

मग मी योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पुन्हा वाचला. त्या काळी यहूदी लोक शोमरोनी लोकांना बाटलेले समजायचे, त्यांच्या भांड्यातलं पाणीही चालायचं नाही. येशू भर दुपारी विहिरीपाशी थकून बसलाय. एक शोमरोनी बाई पाणी भरायला येते. आता गंमत बघा, येशू तिला आधी उपदेश करत नाही, तो तिच्याकडे पाणी मागतो. देणारा नेहमी वरच्या पायरीवर असतो, मागणारा खालच्या. येशू स्वतःहून खालच्या पायरीवर बसला. स्वागत म्हणजे हे. "या, आम्ही तुम्हाला सुधारतो" हे स्वागत नव्हे.

ही गोष्ट दूरची वाटते? मग आपल्याकडची ऐका. कवी नारायण वामन टिळक. 1893 मध्ये रेल्वेच्या डब्यात त्यांना एक युरोपियन प्रवासी भेटला. त्याने या तरुण ब्राह्मणाशी बरोबरीने गप्पा मारल्या, संस्कृत काव्यावर बोलला आणि उतरताना नवा करार हातात दिला. 1895 मध्ये टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाई मात्र हादरल्या. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. परत नांदायला आल्या तेव्हाही सोवळं पाळत होत्या. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, त्यांचं पाणी आणि स्वयंपाक वेगळा राहू दिला. पुढे विचार करकरून लक्ष्मीबाईंना स्वतःलाच पटलं की जात माणसांनी केली, देवाने नाही. 1900 मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे'मध्ये हे सगळं त्या स्वतःला हसत हसत सांगतात. बाहेरच्याला आपल्या घरात त्याच्या वेगाने चालू द्यायचं, हा धडा मला तिथे मिळाला.

आणि 1917 मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. अट एकच, ख्रिस्ताच्या मागे जायची ओढ. 1919 मध्ये टिळक गेले, काम अर्धवटच राहिलं. पण कल्पना बघा, मागचा बाकच नाही!

कोणी म्हणेल, असं दार सताड उघडं ठेवलं तर श्रद्धा पातळ होईल. टिळकांची झाली का? त्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये म्हटली जातात. दार उघडं ठेवल्याने घर पडत नाही. घर पडतं ते आतल्यांनी नाक वर केल्यावर. आणि आपण आत काय कमी करतो? एकाच चर्चमध्ये आडनावावरून, जुन्या जातीवरून, इंग्रजीवरून माणसं मोजतोच की.

म्हणून मी तीन गोष्टी ठरवल्यात. नवीन कोणी आलं की शेजारी बसायचं. उपासनेत काय चाललंय ते हळूच सांगायचं. आणि त्याच्याकडून काहीतरी मागायचं, शिकायचं, नुसतं द्यायचं नाही.

काल त्या मित्राला मेसेज केला. आधी "सॉरी" लिहिलं. मग लिहिलं, "तुझ्या घरी गणपतीला मला बोलावशील का?" दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही. वाट बघतोय.

तुमच्या मागच्या बाकावर कोण बसलंय? जरा वळून बघा. भेटू पुढच्या भागात!