उंची, वाव आणि पदक : शरीराच्या मापांवरून खेळ ठरवता येतो का?

ब्रिटनमध्ये २००७ साली 'स्पोर्टिंग जायंट्स' ही एक आगळी मोहीम सुरू झाली. २०१२च्या लंडन ऑलिंपिकसाठी नव्या खेळाडूंचा शोध घेणे हा तिचा हेतू होता. इच्छुकाने तो खेळ पूर्वी खेळलेला असावा, अशी अट नव्हती. अट होती ती उंचीची. पुरुषांसाठी किमान १९०, तर महिलांसाठी १८० सेंटिमीटर. शाळेत व्यायामशिक्षिका असलेल्या हेलन ग्लोव्हरची उंची या अटीला किंचित कमी पडत होती. मोजमापाच्या वेळी ती टाचा उंचावून उभी राहिली, ही हकिकत पुढे प्रसिद्ध झाली. तिची निवड रोइंगसाठी झाली. २००८ मध्ये तिने वल्हे हाती घेतले आणि चारच वर्षांनी हीदर स्टॅनिंगच्या साथीने लंडनमध्ये यजमान ब्रिटनला त्या ऑलिंपिकचे पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. २०१६ मध्ये रिओ येथे या जोडीने त्याची पुनरावृत्ती केली.

शरीराच्या मापांवरून खेळ निवडण्याच्या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिची मर्यादा, दोन्ही या एकाच कहाणीत दिसतात. उंच व्यक्तींमधून रोइंगपटू शोधण्याची कल्पना अचूक ठरली. मात्र मोजपट्टी काटेकोरपणे लावली गेली असती, तर हे सुवर्णपदक कदाचित हातचे गेले असते.

मापे काय सांगतात?

मानवी शरीराच्या मोजमापाच्या शास्त्राला मानवमिती म्हणतात. उंची व वजनाखेरीज बसलेल्या स्थितीतील उंची, पायांची लांबी, दोन्ही हात पसरल्यावर होणारे अंतर म्हणजेच वाव, हाडांची रुंदी, दंड व पोटरीचा घेर आणि त्वचेखालील चरबीची जाडी यांची नोंद त्यात केली जाते. हीथ आणि कार्टर यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार या नोंदींतून शरीराची ठेवण तीन आकड्यांत व्यक्त करता येते. पहिला आकडा स्थूलतेचा, दुसरा स्नायू व हाडांच्या भरदारपणाचा आणि तिसरा सडपातळपणाचा.

प्रत्येक खेळाचे शरीर वेगळे असते, याचा सविस्तर पुरावा ब्रिटिश वैद्यकतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी दिला. १९६०च्या रोम ऑलिंपिकमधील अॅथलीटची मापे घेऊन त्यांनी १९६४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळाफेकपटू आणि लांब पल्ल्याचे धावपटू यांच्या शरीरांत किती स्पष्ट अंतर असते, हे त्यातून आकड्यांनिशी समोर आले.

या फरकामागे साधे भौतिकशास्त्र आहे. रोइंगमध्ये वजन नाव पेलते आणि लांब हातापायांमुळे वल्ह्याचा प्रत्येक फटका लांब पडतो. जिम्नॅस्टला हवेत गिरकी घ्यायची असते. शरीर जितके आटोपशीर तितकी गिरकी सोपी. जलतरणात लांब धड आणि मोठी वाव उपयोगी पडते, तर धावताना लांब व हलके पाय कमी शक्ती खर्च करतात.

२००४च्या अथेन्स ऑलिंपिकचे दोन नायक याचे उत्तम उदाहरण आहेत. सहा सुवर्णपदके जिंकणारा अमेरिकेचा जलतरणपटू मायकेल फेल्प्स १९३ सेंटिमीटर उंच. त्याची वाव त्याहूनही मोठी, सुमारे २०१ सेंटिमीटर. १५०० व ५००० मीटर या दोन्ही शर्यती जिंकणारा मोरोक्कोचा हिशम अल गेरूज त्याच्यापेक्षा सुमारे १८ सेंटिमीटरने बुटका. तरीही दोघांच्या पायांची लांबी जवळपास सारखीच! उंचीतला फरक आहे तो मुख्यतः धडाचा. केवळ उंची पाहणाऱ्याला ही बाब कधीच कळणार नाही.

मुलांच्या बाबतीत धोका

प्रौढ खेळाडूचे मोजमाप हे झालेल्या वाढीचे वर्णन असते. दहा-बारा वर्षांच्या मुलाचे मोजमाप मात्र अपूर्ण वाढीचे छायाचित्र असते. आणि खेळ निवडण्याचा प्रश्न पालकांपुढे येतो तो नेमका याच वयात.

मुलींची उंची साधारणतः बाराव्या, तर मुलांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास सर्वाधिक वेगाने वाढते. परंतु ही वेळ प्रत्येकाची निराळी असते. एकाच इयत्तेतील तेरा वर्षांच्या दोन मुलांपैकी एक शरीराने जवळपास तरुण, तर दुसरा अद्याप बालक असू शकतो. निवड चाचणीत पहिला उंच, बळकट व वेगवान ठरतो. दुसरा घरी परततो. चार वर्षांनी दुसऱ्याने पहिल्याला उंचीत मागे टाकलेले असते; पण तोपर्यंत त्याने मैदान सोडलेले असते. शिवाय वाढीच्या काळात आधी पाय लांबतात आणि धड नंतर वाढते. त्यामुळे पाय व धडाचे त्या वयातील प्रमाणही कायमचे नसते.

यावर उपाय म्हणून काही सूत्रे वापरली जातात. आईवडिलांच्या उंचीची बेरीज करून मुलासाठी त्यात १३ सेंटिमीटर मिळवावेत, मुलीसाठी वजा करावेत आणि आलेली संख्या निम्मी करावी, हे सूत्र बालरोगतज्ज्ञांच्या परिचयाचे आहे. वडील १७०, आई १५७ सेंटिमीटर असल्यास मुलाची अपेक्षित उंची १७० येते. मात्र प्रत्यक्षातील उंची त्याच्या मागेपुढे सुमारे साडेआठ सेंटिमीटर असू शकते. म्हणजे हाच मुलगा १६२ सेंटिमीटरचाही होऊ शकतो आणि १७८चाही. बास्केटबॉल की जिम्नॅस्टिक्स, हे ठरवण्यासाठी एवढा फरक फार मोठा आहे.

कौशल्य कसे मोजणार?

महाराष्ट्रातील क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांत उंची व वजनासोबत धावणे, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, शटल रन आणि लवचिकता यांचीही परीक्षा घेतली जाते. शरीर कसे आहे याबरोबरच ते काय करू शकते, हेही पाहणे त्यामुळे शक्य होते. तरीही चेंडूचा टप्पा ओळखणे, दडपणाखाली निर्णय घेणे, रोज पहाटे उठून सरावाला जाणे या गोष्टी कोणत्याही मोजपट्टीवर उमटत नाहीत. सुनील गावसकर आणि सचिन तेंडुलकर या दोघांचीही उंची सुमारे १६५ सेंटिमीटर. त्या आकड्यावरून त्यांच्या फलंदाजीचा अंदाज कोणालाही बांधता आला नसता.

म्हणूनच मापांचा उपयोग दार उघडण्यासाठी व्हावा, बंद करण्यासाठी नव्हे. उंच मुलीला रोइंग किंवा व्हॉलीबॉल करून पाहण्यास सुचवणे हा योग्य वापर. लहानखुऱ्या मुलाला बाराव्या वर्षी मैदानाबाहेर काढणे हा गैरवापर. त्या वयात एकापेक्षा अधिक खेळ खेळू देणे आणि मोजमाप दर सहा महिन्यांनी पुन्हा घेणे अधिक शहाणपणाचे.

कोल्हापुरात शिकत असताना खाशाबा जाधव यांना लहानखुऱ्या अंगकाठीमुळे महाविद्यालयाच्या कुस्ती स्पर्धेत उतरवण्यास क्रीडाशिक्षकांनी नकार दिला होता आणि प्राचार्यांनी परवानगी दिल्यावर त्यांनी आडदांड प्रतिस्पर्ध्यांना चीत केले, अशी आठवण सांगितली जाते. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे याच खाशाबांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून दिले.