अलाइनमेंट सगळ्यात शेवटी

‘गाडी डावीकडे ओढते’ म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला असतो: अलाइनमेंट करून घ्या. टायरच्या दुकानात पडद्यावर लाल आकडे हिरवे होतात, छापील कागद हातात पडतो आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा डावीकडे जायला लागते. मग आपण दुकानदाराला शिव्या देतो. खरं तर चुकलेला असतो तो क्रम. अलाइनमेंट म्हणजे मोजमाप आणि जुळवणी. ज्या सांध्यांच्या भरवशावर ते माप घेतलं तेच ढिले असतील, तर जुळवलेला आकडा पहिल्या मोठ्या खड्ड्यापर्यंतही टिकत नाही.

हे सांधे कुठले? हातातलं चाक एका दांड्यामार्फत खाली पिनियन नावाचं छोटं दातेरी चक्र फिरवतं. ते चक्र रॅकला, म्हणजे एका आडव्या दातेरी पट्टीला, डावी-उजवीकडे सरकवतं. रॅकच्या दोन टोकांना टाय रॉड, त्यांच्या शेवटी टाय रॉड एंड, आणि तिथून नकल, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो तुकडा. खालच्या बाजूने लोअर आर्म आणि त्याचा बॉल जॉइंट नकलला धरून ठेवतात. टाय रॉड एंड काय नि बॉल जॉइंट काय, दोन्हींत वाटीत फिरणारी पोलादी गोळी असते, भोवती ग्रीस आणि वर रबरी बूट. बूट फाटला की पावसाचं पाणी आणि धूळ आत जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळी वाटीत खेळायला लागते. बूट स्वस्त असतो, पण गाडीखाली वाकून तो बघणारं कुणी नसतं.

चांगला मेकॅनिक पाना उचलण्याआधी विचारतो, ‘कधी होतं?’ उत्तर नेमकं मिळालं की निम्मं काम तिथेच होतं. साधारण ऐंशी ते शंभरच्या वेगात स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, तर आधी व्हील बॅलन्सिंग. फक्त ब्रेक दाबल्यावर थरथरतं, तर पुढची ब्रेक डिस्क तपासायची. गावातल्या मंद वेगातही डुगडुगतं, तर टायरला फुगा आलाय किंवा रिम वाकलीय. पूर्ण वळवून गाडी पुढे घेताना टक-टक आवाज येतो, तो बहुधा स्टिअरिंगचा नसतोच, ड्राइव्ह शाफ्टच्या बाहेरच्या सांध्याचा असतो. आणि खड्ड्यात खडखड होत असेल, तर महागड्या रॅकवर बोट ठेवण्याआधी स्टॅबिलायझरची लिंक आणि लोअर आर्मचे बुश हलवून बघावेत. लिंकच्या भावात जाणारी खडखड रॅकच्या बिलात गेली की ग्राहक हळहळतो. त्याला ते कळलं तर, हे वेगळं.

ओढण्याच्या तक्रारीत पहिला संशय हवेवर. दोन पुढच्या टायरांतली हवा सारखी नसेल, तर गाडी कमी हवेच्या बाजूला झुकते. दुसरा संशय रस्त्यावर. पाणी वाहून जावं म्हणून रस्ते कडेला उतरते केलेले असतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे थोडी डावी ओढ निरोगी गाडीतही जाणवते. रिकाम्या, सपाट जागेत बघितल्याशिवाय निदान करू नये. तरीही ओढत असेल, तर पुढचे दोन टायर आपापसांत बदलायचे, मात्र एकाच दिशेने फिरण्यासाठी बाण छापलेले टायर असतील तर नाही. बदलल्यावर गाडी उलट बाजूला ओढायला लागली, तर दोष टायरच्या बांधणीत आहे आणि जगातलं कुठलंही अलाइनमेंट तो काढू शकत नाही. ओढ तशीच राहिली तर ब्रेक. फारसा ब्रेक न मारता थोडं चालवून आल्यावर रिमच्या जवळ हात न्यावा. लावू नये, भाजतं. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल, तर तिथला कॅलिपर अडकून राहिलाय.

आपले लोक म्हणतात ‘गाडी टायर खाते’. पण कसं खाते ते बघायला हवं. दोन्ही कडा झिजल्या म्हणजे हवा कमी, मधला भाग झिजला म्हणजे जास्त. एकच कड गेली असेल, तर चाक बहुधा उभ्या रेषेत कललेलं आहे, म्हणजे कॅम्बर. टायरवर आडवा तळवा फिरवला आणि एका दिशेने गुळगुळीत, उलट फिरवताना धारदार लागलं, तर टो चुकलेला: चाकांची पुढची टोकं गरजेपेक्षा आत किंवा बाहेर वळलेली आहेत. जागोजाग खळगे पडले असतील तर शॉक ॲब्सॉर्बर बघावेत. तारा बाहेर दिसत असतील तर हात फिरवू नये, एवढं सांगायलाच हवं.

प्ले, म्हणजे सांध्यांतला ढिलेपणा, बघायला दोन माणसं लागतात. गाडी सपाट जागी किंवा खड्ड्याच्या रॅम्पवर, चाकं टेकलेली, हँडब्रेक ओढलेला. एकाने स्टिअरिंग थोडंसं डावी-उजवीकडे हलवत राहायचं, दुसऱ्याने खालून सांधे बघायचे. हात हलतोय आणि चाक हलत नाही, तर हालचाल कुठल्या सांध्यात हरवते ते डोळ्यांना दिसतं. बोट ठेवलं तर खट्ट जाणवतंही. मग गाडी उचलून, घोडी लावून (नुसत्या जॅकवर कधीच नाही) चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवायचं. खेळ दिसला तर टाय रॉडकडे बघा. बारा आणि सहाच्या जागी दिसला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. या तपासणीला यंत्र लागत नाही, म्हणूनच बहुधा कुणी ती करत नाही.

स्टिअरिंग जड होण्याची गोष्ट वेगळी. १९५१ मध्ये क्रायस्लरच्या इंपीरियल गाडीबरोबर पॉवर स्टिअरिंग बाजारात आलं, ते तेलाच्या दाबावर चालणारं. त्याचे रोगही तेलाचे: पातळी खाली, पट्टा सैल, तेलात फेस, वळवताना पंपाची रडल्यासारखी घरघर. १९८८ मध्ये सुझुकीने जपानात सर्व्हो या छोट्या गाडीत विजेवर चालणारं स्टिअरिंग दिलं, आणि आज आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक नव्या गाड्या त्याच वाटेवर आहेत. दांड्यातली एक सळई किती पिळली जाते ते सेन्सर मोजतो, त्या हिशेबाने मोटर जोर लावते. बॅटरी थकली किंवा चार्जिंग नीट नसलं तरी दिवा लागतो आणि स्टिअरिंग जड होतं. अशा वेळी बरेच जण घाबरतात, पण या गाड्यांत हातातलं चाक आणि रॅक यांचा लोखंडी संबंध शाबूत असतो. गाडी वळते, जोर मात्र आपला. स्कॅनर मोटरचा आणि सेन्सरचा दोष सांगतो. ढिल्या बॉल जॉइंटबद्दल त्याला काही माहीत नसतं. ‘स्कॅनिंगमध्ये काही आलं नाही’ या वाक्यावर म्हणूनच समाधान मानू नये.

गावाकडे प्रश्न ट्रॅक्टरचा असतो. जुन्या ट्रॅक्टरच्या स्टिअरिंग बॉक्सला प्ले कमी करायचा स्क्रू असतो आणि तो पिळायचा मोह कुणाला होत नाही? यातली खोच अशी की, सरळ चालणं सगळ्यात जास्त, त्यामुळे आतले दाते मधल्या भागात जास्त झिजतात. मधला प्ले जाईपर्यंत स्क्रू आवळला, तर वळताना, जिथे दाते अजून कोरे आहेत, तिथे स्टिअरिंग अडकायला लागतं. शिवाय पुष्कळदा दोष बॉक्समध्ये नसतोच. मावळात किंवा भंडारा-गोंदियात भाताच्या चिखलणीत पुढचा एक्सल चिखलातून जातो, सेंटर पिन आणि स्टब एक्सलचे बुश झिजतात. ग्रीस गनचे चार दाबे वेळेवर पडले असते तर ते वाचले असते.

ऊस वाहतुकीतली ‘स्टिअरिंग धरत नाही’ ही तक्रार तर दुरुस्तीची नव्हेच. मागच्या भरलेल्या ट्रॉल्यांच्या ओढीने पुढचा भाग हलका होतो, चढावर चाकं जमीन सोडायला बघतात आणि हवेतल्या चाकाने वळण घेता येत नाही. तिथे ओढ किती आणि कुठल्या उंचीवर जोडली आहे, पुढे वजनाचे ठोकळे लावलेत का, हे बघायचं. नवा टाय रॉड टाकून काही होणार नाही.

अमेरिकेतल्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी घरांना आणखी एक यंत्र सांभाळावं लागतं: बसून चालवायचं गवत कापणारं यंत्र. त्यातल्या अनेक यंत्रांत दांड्याखाली छोटं पिनियन आणि पंख्याच्या आकाराचा दातेरी तुकडा असतो. धूळ आणि गवताचा चुरा तिथेच साचतो, दाते झिजतात, आणि स्टिअरिंग फिरतं पण चाकं आळशीपणे मागून येतात. पुढच्या चाकांचे बुश तर त्याहून लवकर जातात. तिथेही सुरुवात हवेपासूनच.

दोन दांड्यांवर चालणाऱ्या, जागच्या जागी गिरकी घेणाऱ्या प्रकारात स्टिअरिंगच नसतं. मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरवून ते वळतं. सरळ जाताना ते एकीकडे झुकत असेल, तर आधी मागच्या दोन टायरांतली हवा सारखी करावी, मग दांड्यांची जोडणी जुळवावी. बहुतेक यंत्रांत दोन्ही बाजूंना एकच पट्टा ताकद देतो, त्यामुळे एकच बाजू मंद असेल तर त्या पट्ट्याला दोष देता येत नाही. त्या बाजूची ढकलून नेण्यासाठीची कळ चुकून उघडी राहिलीय का बघावं. ती बंद असेल आणि यंत्र तापल्यावरच ती बाजू ढेपाळत असेल, तर पंपाचं तेल तपासायला घ्यावं.