पुण्यात जेवावे कोठे, आणि केव्हा

लग्नाकार्याला, मालाच्या खरेदीला, मुलांच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी किंवा दवाखान्याच्या कामाने पुण्यात येणारे आप्तेष्ट स्टेशनवरूनच फोन करतात. कुशल विचारून झाले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "आपल्याला चालेल असं जेवण कुठं मिळेल?" आमच्या घराण्याची भुसार मालाची पेढी पूर्वी भवानी पेठेत होती, बाजार हलला तशी ती गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आली. तीन पिढ्या पाहुण्यांना जेवू घालण्यात गेल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मला तोंडपाठ असावे अशी लोकांची समजूत आहे. माझीही तशीच होती. बार्शीच्या काकांनी ती दूर केली.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात काका डोळ्यांच्या उपचारासाठी आले होते. दवाखान्यातून बाहेर पडायला सव्वापाच वाजले. डिसेंबरात पुण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि काकांचा चौविहार चाळीस वर्षांत चुकलेला नाही. घरी पोहोचेपर्यंत रस्त्यातच सूर्यास्त होणार हे स्पष्ट दिसत होते. समोरच्या उपाहारगृहाबाहेर 'जैन पदार्थ मिळतील' अशी ठळक पाटी होती. मी निर्धास्तपणे आत शिरलो आणि जैन पावभाजी मागवली. कच्च्या केळ्याची भाजी आपल्या घरीही होते, तशीच असेल असे मी गृहीत धरले. चार घास झाल्यावर काका थांबले. त्यांनी चमच्याने भाजीतली एक फोड बाजूला काढली आणि माझ्याकडे पाहिले. तो बटाटा होता.

व्यवस्थापकाला बोलावले. तो बिचारा मनापासून म्हणाला, "साहेब, कांदा-लसूण अजिबात नाही. जैनच आहे." त्याच्या समजुतीप्रमाणे तो खोटे बोलत नव्हता. काकांनी ताट सरकवले, जवळच्या बाटलीतले उकळलेले पाणी दोन घोट घेतले, घड्याळ पाहिले आणि पच्चक्खाण घेतले. दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. मला रागावले नाहीत, बाहेर पडताना एवढेच म्हणाले, "अरे, तू पाटी वाचलीस. आचाऱ्याला कुठं विचारलंस?"

त्या दिवसापासून मी कोठेही 'जैन मिळेल का' असे विचारीत नाही. पदार्थाचे नाव घेऊन त्यात काय काय पडते ते विचारतो : बटाटा, गाजर, बीट, मुळा, आले, कांदा, लसूण, एकेक नाव घेऊन. पाकिटावरील हिरवा ठिपका पदार्थ शाकाहारी आहे एवढेच सांगतो; कंदमुळाविषयी तो मौन पाळतो. उपाहारगृहाच्या पाटीवरील 'जैन' हा शब्दही बहुतेक ठिकाणी कांदा-लसणापाशीच थांबतो. म्हणून पुण्यात आलेल्या साधर्मिकांना माझे पहिले सांगणे असे की, पंजाबी पदार्थांच्या वाटेला शक्यतो जाऊ नये. तेथील लाल आणि पांढरा रस्सा सकाळीच मोठ्या पातेल्यात करून ठेवलेला असतो आणि त्याचा पायाच कांद्याचा असतो. तुमच्या एका वाटीसाठी गर्दीच्या वेळी निराळा रस्सा होईल की नाही, हे त्या दिवशीच्या आचाऱ्यावर अवलंबून राहते.

याउलट ज्या स्वयंपाकाकडे आपली मंडळी 'महाराष्ट्रीय जेवण तिखट असते' म्हणून पाठ फिरवतात, तो पेठांतला जुना साधा स्वयंपाक आपल्या पानाला सर्वांत जवळचा आहे, असे माझे मत अनुभवाने बनले आहे. चिंच-गूळ किंवा आमसूल आणि गोडा मसाला घातलेल्या आमटीला कांद्याची गरज नसते. साधे वरण, तूप-भात, तोंडल्याचा मसालेभात, कोबीची किंवा दुधी भोपळ्याची भाजी, पुरी, श्रीखंड, उकडीचे मोदक, पुरणपोळी आणि कटाची आमटी यांतले बरेचसे पदार्थ मुळातच कांदा-लसणाविना होत आले आहेत. तेथे 'जैन' करून द्या असे सांगावे लागत नाही. बटाट्याची भाजी वाढू नका आणि कोशिंबिरीत गाजर-मुळा नको, एवढे सांगितले की पुरते. टिळक रस्त्यावरील दुर्वांकुर, डेक्कनजवळचे सुकांता अशी थाळीची ठिकाणे पुणेकरांच्या परिचयाची आहेत. तेथे पान मांडण्यापूर्वीच वाढप्याला बाजूला घेऊन बोलावे. वाढपी दोन-तीन असतात आणि आग्रह करण्यात पटाईत असतात. एकाला सांगितलेले दुसऱ्याला ठाऊक नसते.

थाळीत आणखी एका गोष्टीचे भान ठेवावे. तिखट-गोडाच्या गडबडीत द्विदळाचा नियम विसरतो. कच्च्या दह्याची वाटी आणि कडधान्याची उसळ एकाच पानात शेजारी बसलेली असते. सुरळीच्या वडीत बेसन व ताक एकत्र येते. ताक आधी तापवले होते का, हे तेथे कोणाला सांगता येत नाही. श्रीखंड घ्यायचे त्या दिवशी मी डाळीचा पदार्थ घेतच नाही. पुरणपोळीवर तूप घ्यावे. भरल्या वांग्याविषयी वाचकांना वेगळे सांगावयास नको. थालीपीठ मात्र पुण्यात बहुधा लोण्याच्या गोळ्यासह येते. लोणी नको, तूप द्या, असे आधीच सांगावे. थालीपिठाच्या पिठात कांदा मळलेला असतोच असे धरून चालावे आणि ताजे मळून मिळत असेल तरच मागवावे.

आता ज्या शब्दाने आपले पाहुणे हमखास फसतात तो शब्द : उपवास. पुण्याच्या प्रत्येक जुन्या उपाहारगृहात उपवासाच्या पदार्थांची स्वतंत्र यादी असते. माझी एक मावससासू एकादशीच्या दिवशी ती यादी पाहून प्रसन्न झाली होती, म्हणाली, "बघा, या गावात धर्म टिकून आहे." मी यादी वाचून दाखवली. बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप, साबुदाण्याची खिचडी, बटाटा घातलेले साबुदाणा वडे. साबुदाणा हासुद्धा कंदापासूनच होतो. आपल्या उपवासात उकळलेल्या पाण्याखेरीज काही नाही आणि त्यांच्या उपवासात आपल्याला वर्ज्य असलेले सारेच आहे. एकाच शब्दाचे दोन अर्थ एकाच रस्त्यावर सुखाने नांदतात. शेंगदाण्याची आमटी आणि वरीचे तांदूळ एवढेच त्या यादीतले आपल्या कामाचे, तेही आमटीत आले नसेल तर.

मिसळीविषयी पुण्यात फार बोलले जाते. तिची ख्याती मला मान्य आहे. पण मोड आलेली मटकी, वरून चिरलेला कांदा आणि आत बटाटा, अशा तीन दारांनी ती आपल्यासाठी बंद आहे. 'थोडीशी वेगळी करून द्या' असा आग्रह धरू नये. दुकानदाराला त्रास आणि आपल्याला शंका, यापलीकडे त्यातून काही निघत नाही. वडापावही तसाच. कॅम्पातील कयानी बेकरीची श्रूजबेरी बिस्किटे पाहुणे आवर्जून मागतात. त्या भट्टीत मावा केकही होतो व त्यात अंडे असते, हे मी सांगतो आणि निर्णय त्यांच्यावर सोडतो. चितळे बंधूंची बाकरवडी बांधून नेण्यापूर्वी पाकिटावरील घटक वाचावेत. (दुपारच्या विश्रांतीमुळे चितळ्यांच्या बंद दाराशी उभे राहिल्याच्या गोष्टी आमच्या पिढीने पुष्कळ सांगितल्या. ती प्रथा आता बदलली आहे, तरी जुने पाहुणे अजून चारनंतरच जातात.)

चहाचीही एक गंमत आहे. अमृततुल्याचा चहा पितळी पातेल्यात एकत्र उकळतो आणि आले त्यात आधीच कुटून पडलेले असते. 'बिनआल्याचा द्या' म्हटले तर तो समोरच गाळला जाणारा चहा कोठून वेगळा होणार? गिऱ्हाईक कमी असताना दुसऱ्या भांड्यात करून देणारे भेटतात. सुंठ-वेलचीचा मिळाला तर उत्तमच. उसाच्या रसाचे तेच. चरकातून आधीच्या गिऱ्हाइकासाठी ऊस आल्यासह गेलेला असतो. मी रसवंतीवर सकाळी पहिल्यांदा जातो, नाहीतर कोकम सरबत घेतो.

मस्तानी मात्र पाहुण्यांनी जरूर घ्यावी. सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीजवळ सुजाता मस्तानीकडे गर्दी रात्री जेवणानंतर उसळते. आपण पाचला जावे, बसायला जागा मिळते आणि नियमही राहतो. घट्ट दूध आणि त्यावर आइस्क्रीमचा गोळा असे तिचे रूप आहे. ज्यांनी बर्फ सोडला आहे त्यांनी अर्थातच दुरून पाहावी. आंब्याची मस्तानी घ्यायची तर आर्द्रा नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत. त्यानंतर दुकानात आंबा असला तरी आपल्यासाठी नाही, केशर-पिस्ता आहेच.

पुण्यातली खरी अडचण मात्र पदार्थांची नसून वेळेची आहे. थाळीची ठिकाणे दुपारी तीनच्या सुमारास बंद होतात ती संध्याकाळी सातला उघडतात. जूनमध्ये सूर्य सव्वासातला मावळतो, तेव्हा पहिल्या पंगतीला धावतपळत दहा-पंधरा मिनिटे मिळतात. कार्तिकापासून माघापर्यंत तर संध्याकाळचे थाळीचे जेवण आपल्यासाठी नाहीच. पाच ते सहा या वेळेत सुरू असतात ती उडपी उपाहारगृहे. फर्ग्युसन रस्त्यावरील वैशाली, रूपाली यांसारखी ठिकाणे दिवसभर चालतात. मसाला डोशात बटाटा, सांबारात कांदा असे धरून चालावे. साधा डोसा आणि खोबऱ्याची चटणी मागवावी, चटणीत आले-लसूण आहे का ते विचारून. आंबवलेल्या पिठाचा ज्यांना बाध आहे त्यांच्यासाठी हाही मार्ग नाही. सकाळी अडचण उलटी असते. जानेवारीत सूर्योदय सातनंतर होतो आणि नवकारशी येईपर्यंत आठ वाजत येतात. तेवढ्यात यार्डातली निम्मी खरेदी उरकलेली असते. पेढीवर आलेल्या व्यापाऱ्यांसाठी माझे वडील खाकऱ्याचा डबा कपाटात ठेवीत; तो डबा अजून तेथेच आहे.

देवदर्शनाला जाणार असाल तर प्रश्न सोपा होतो. गुरुवार पेठेत गोडीजी पार्श्वनाथांचे दर्शन घेऊन तेथेच चौकशी करावी. आयंबिलाची किंवा तिथीची सोय कोठे आहे हे पेढीवरच्या माणसाइतके कोणालाच ठाऊक नसते. कात्रजच्या आगम मंदिराकडे जाणाऱ्यांनी भोजनशाळेची वेळ आदल्या दिवशी विचारून घ्यावी आणि किती पाने ते कळवावे. आयत्या वेळी आठ माणसे घेऊन जाणे हा आपल्या समाजाचा जुना दोष आहे. त्यात मीही आलो.

सर्वांत भरवशाची सोय मला मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडली. पुण्यात प्रत्येक पेठेत, उपनगरात पोळी-भाजी केंद्रे आहेत. नोकरदार घरांसाठी चार-पाच बायका मिळून ती चालवतात. संध्याकाळी पाचलाच पोळ्या सुरू होतात, कारण गिऱ्हाईक कचेरीतून सुटताना डबा घेऊन जाते. म्हणजे त्यांची वेळ आणि आपली वेळ एकच. आमच्या घराजवळच्या केंद्रातल्या काकूंना मी बार्शीच्या काकांचा प्रसंग सांगितला, तेव्हा त्यांनी 'जैन म्हणजे काय' असे विचारले नाही. वही काढली आणि म्हणाल्या, "काय काय नको ते सांगा, लिहून घेते." बटाट्यापासून वांग्यापर्यंत सारे लिहिले. मग स्वतःच विचारले, "पालेभाजी चातुर्मासात नको ना? आमच्या शेजारी तुमच्यातलेच आहेत." सकाळी अकरापर्यंत फोन केला की भाजी वेगळ्या कढईत होते. पंचमी, अष्टमी, चतुर्दशीला हिरवे नको असेल तर मूग किंवा चवळीची मोड न आणलेली उसळ. पैसे नेहमीच्या डब्याहून थोडे अधिक पडतात आणि ते पडावेतही.

गेल्या माघात काका पुन्हा तपासणीला आले. या वेळी दवाखान्यात जाण्यापूर्वीच मी फोन करून ठेवला होता. साडेपाचला केंद्रावर पोहोचलो. बसायला जागा नसते. काकूंनी आतले दोन मोडे बाहेर आणून ठेवले. दोडक्याची भाजी, वरण, तूप लावलेल्या पोळ्या आणि आग्रहाची एक पुरणपोळी. काकांनी पहिल्या घासापूर्वी काकूंनाच विचारले, "वरणात आलं?" त्या म्हणाल्या, "जिरं आणि हिंग. बघा चाखून." काकांनी सावकाश सारे संपवले, ताट धुऊन प्यायले, पाणी घेतले. सहाला बरीच मिनिटे शिल्लक होती. मग खिशातली छोटी डायरी काढून त्यांनी काकूंचा नंबर स्वतःच्या हाताने उतरवून घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पुढच्या खेपेला तू नाही आलास तरी चालेल."