पैशाचे सोंग

मालवणच्या जत्रेत दशावतारातला राजा एका बाकड्याचे सिंहासन करून रात्रभर राज्य करतो आणि पहाटे रंग पुसून आपली पेटी उचलतो. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे येत नाही, हे इथल्या प्रेक्षकाला सांगावे लागत नाही.

कलावंत राजकारणाजवळ आले की हीच म्हण कसोटीला लागते. १ नोव्हेंबर १९९६ रोजी शिव उद्योग सेनेसाठी मायकेल जॅक्सन मुंबईत नाचला. युती सरकारने करमणूक कर माफ केला. २०११ मध्ये उच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली. २०२१ मध्ये आघाडीच्या मंत्रिमंडळाने पुन्हा दिली. रक्कम तीन कोटींहून अधिक. मराठी तरुणांना रोजगार हा हेतू चांगलाच. पण तिजोरी सर्वांची होती.

उलट सेवादलाचे निळू फुले आणि डॉ. श्रीराम लागू यांनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी उभारला. त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना मानधन मिळू लागले. मुद्दल शाबूत राहिले. राजकीय मते त्यांचीही ठाम होती, पण खर्च त्यांनी आपल्या घामातून केला.

म्हणून ओळखीचा चेहरा व्यासपीठावरून सरकारी काटकसरीची ग्वाही देऊ लागला, तर मालवणकरांनी एवढेच विचारावे : ‘करमाफी कोणाक?’